पोळी बंद, भात बंद, तूपही बंद

सीमा काकू अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात काम करते आणि तिथल्या साडेतीनशे मुलांच्या ॲलर्ज्या तिला तोंडपाठ आहेत. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला अंडं, कुणाला दूध, कागद न बघता सांगते. अशी बाई स्वतःच्या घरातल्या फ्रिजवरचा कागद अर्धाच वाचेल असं कुणाला वाटलं असतं का? पण तिने अर्धाच वाचला. आणि त्यापायी जानेवारीतल्या एका शनिवारी प्रताप काका हातचे जायची वेळ आली.

कागद नोव्हेंबरमधला. काकांची शुगर फार वाढली म्हणून क्लिनिकमधल्या डाएटिशियनने दिलेला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, दिवसाला ऐंशी ग्रॅमच्या आत कार्ब्ज. बस, काकूला तेवढं पुरलं! त्याच संध्याकाळी तांदळाचा डबा गराजमध्ये गेला, कणीक शेजारी दिली, बिस्किटं गेली, बटाटे गेले. खाली बारीक अक्षरात अजून लिहिलं होतं, की रोज सतराशे ते अठराशे कॅलरीज पोटात जायलाच हव्यात, कार्ब्ज कमी झाले तेवढं बटर, ऑलिव्ह ऑइल, बदाम, अंडी, पनीर यातून भरून काढा. बटर हा शब्द दिसला आणि काकूने मान फिरवली. हे इथल्या लोकांसाठी असणार, आपल्या अंगाला नाही चालत.

तिचंही चुकलं म्हणवत नाही. लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा सासऱ्यांच्या पायाला शुगरची जखम होती. आठ महिने रोज सकाळी नव्या नवरीने ती जखम धुतली, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय कापावाच लागला. तिथले डॉक्टर दर वेळी एकच सांगायचे, तूप बंद, तेल बंद. तो ड्रेसिंगचा वास काकूच्या नाकातून वीस वर्षांत गेला नाही. आता नवऱ्याचा रिपोर्ट हातात आल्यावर तिने एका झटक्यात दोन्हीकडून दारं लावली. पोळी-भात पण नाही आणि तूप-तेल पण नाही.

मग काका खायचे काय? उकडलेला दुधी. काकडी. अंड्याचं नुसतं पांढरं. पातळ ताक. आणि काका बिचारे खायचे! कारण तो पाय त्यांनीही बघितला होता, त्यांच्या बाबांचाच होता तो. नऊ आठवड्यांत दहा किलो वजन उतरलं. ऑफिसमध्ये वाहवा, देवळात वाहवा, बेल्टला दोन नवी भोकं. रात्री हातपाय गार पडायचे, जिना चढताना भिंत धरावी लागायची, ते काही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शुगर खाली आणणारी गोळी मात्र जुन्याच डोसने चालू. डॉक्टरची पुढची अपॉइंटमेंट थेट फेब्रुवारीत.

आणि त्या शनिवारी आली संकष्टी.

काका कॉलेजपासून संकष्टी करतात. पूर्वी दुपारी साबुदाण्याची खिचडी असायची, वर बटाट्याचा कीस. आता साबुदाणा नाही, बटाटा नाही, म्हणजे उपासाला उरलं काय? ब्लॅक कॉफी. सकाळी गोळी घेतली, ड्राइव्हवेवरचा बर्फ तासभर फावड्याने ओढला आणि चार वाजता देवळात जायला गाडी काढली. काकूच्या मांडीवर एकवीस मोदकांचा डबा, पिशवीत पंचामृताचं सामान.

हायवेवर दहा मिनिटं झाली असतील.

"अहो, एक्झिट गेली ना आपली!"

"कोणती एक्झिट?"

"देवळाची! काय हो, झोपलात का?"

"काय बोलून राहिली तू? मी चालवून राहिलो न गाडी? तू चालव मग!"

काका असं कधी बोलत नाहीत. काकूने चमकून बघितलं. बाहेर उणे अठरा, हीटर बारीक, आणि काकांच्या कानामागून घामाच्या धारा. ओठ पांढरे. गाडी हळूच डावीकडच्या लेनमध्ये सरकली आणि मागच्या ट्रकने असा काही हॉर्न मारला की डबाच तिच्या मांडीवरून घसरला.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

"संध्याला सांग, तिकीट काढून ठेवलंय," काका म्हणाले. संध्या म्हणजे त्यांची बहीण. नागपुरात असते. कसलं तिकीट, कुठलं तिकीट!

नेमका तेव्हा काकूच्या डोळ्यासमोर शाळेतला लाल फोल्डर आला, दुसरीतल्या एका डायबेटिक मुलीचा. शुगर फार खाली गेली की घाम, चिडचिड, भलतंच बोलणं. आधी साखर, मग फोन. तोंडपाठ होतं तिला!

"गाडी बाजूला घ्या."

"देऊळ येतंय."

"प्रताप, बाजूला घे! पाय काढ! काढ पाय!"

तिने स्वतःच हॅझर्ड लाइट लावले, एका हाताने स्टिअरिंग धरलं. गाडी रस्त्याच्या कडेला, शोल्डरवरच्या बर्फात खरखरत गेली, थांबली. काकूचा गिअर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पार्कमध्ये बसला.

पिशवीतून मधाची बाटली काढली. पंचामृताचा मध.

"आ करा."

काकांनी दात आवळले. शुद्ध अर्धी, पण हट्ट पुरता शाबूत. "देवाचं आहे ते. नैवेद्य नाही दाखवला अजून. चंद्र कुठे उगवलाय?"

"चंद्राला मी सांगते! बाप्पालाही मीच सांगते! तुम्ही आ करा!"

"उपास आहे माझा."

"तुम्ही गेलात तर माझे सगळेच उपास हो! गिळा म्हणते ना!"

हे बोलताना ती रडत होती. बोटाने मध गालाच्या आत लावला, गिळला की परत, परत. मग अँब्युलन्ससाठी नाइन वन वनला फोन. मग ग्लव्ह बॉक्समधलं शुगरचं मीटर, काकांच्या बोटाला सुई. सेहेचाळीस! सत्तरच्या खाली जाता कामा नये. शेजारून ट्रक जायचा आणि अख्खी गाडी हलायची. ती काकांचा चेहरा सोडून कुठेच बघत नव्हती.

अँब्युलन्स आली तोपर्यंत शुगर एकाहत्तर झाली होती. पॅरामेडिक एक उंच, शांत बाई होती. तिने विचारलं, आज काय खाल्लं?

"नथिंग. फास्टिंग."

"आणि काल?"

काकूने सांगितलं. दोन अंड्यांचं पांढरं. वाटीभर दुधी. काकडी. ताक.

"अँड?"

"थोडं पनीर. लो-फॅट."

"अँड?"

काकूची यादी तिथेच संपली. त्या बाईने काही टोमणा मारला नाही, नुसतं बघितलं, आणि तेच काकूला सहन झालं नाही. गोळीचा असर खूप तास राहतो, शुगर परत पडू शकते, म्हणून काकांना हॉस्पिटलला न्यावंच लागेल, असं ती म्हणाली.

इमर्जन्सीत दर अर्ध्या तासाने नर्स बोट टोचत होती. ब्याऐंशी. मग परत चौसष्ट, आणि काकूचा जीव परत टांगणीला. सलाईनमधून साखर चढवली. डॉक्टरने गोळी बंद केली आणि विचारलं, डाएट बदललं, दहा किलो उतरले, हे क्लिनिकला का नाही कळवलं?

तेवढ्यात इशिताचा फोन. काकूने कळवल्यावर लेक कॉलेजातून धावत घरी गेली होती, तिने फ्रिजवरच्या कागदाचा फोटो पाठवला.

"आई, मी काउंट केलं. तू सांगितलंस ते कालचं सगळं मिळून चारशेही होत नाही. सतराशे लिहिलंय इथे! बाबा सिक्स फीट आहेत, आई. अ टॉडलर ईट्स मोअर दॅन दॅट!"

"मला वाटलं, जितकं कमी, तितकं..." काकू म्हणाली.

"लास्ट लाइन वाच. प्लीज, वाच ना."

काकूने फोटो मोठा केला. शेवटची ओळ होती, गोळी चालू असताना जेवण चुकवू नका, उपास करायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. तिने ती दोनदा वाचली. मग फोन पालथा ठेवला आणि काकांचे दोन्ही पाय पांघरुणावरून घट्ट धरून बसली.

साडेसहाला नर्सने ट्रे आणला. ऑम्लेट, टोस्टचा एक तुकडा, बटरची छोटी चौकोनी पुडी. मीटरवर एकशे आठ.

काकूने पुडी फाडली आणि सगळंच्या सगळं बटर ऑम्लेटवर ठेवलं. ते वितळून कडेला ओघळलं.

काका बघतच राहिले. "तूप बंद आहे न आपलं?"

"गप खा."

"आणि चंद्र?"

काकूने खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. घास त्यांच्या तोंडाशी धरला आणि ते गिळेपर्यंत हात तसाच ठेवला.