मठातला दिवा विझवणारी बाई

गुरम्मा मावशीबद्दल आमच्या गल्लीत आजही वाईटच बोलतात. तिनं मठातला अखंड दिवा विझवला, एवढंच सगळ्यांना पाठ आहे. का विझवला हे मी सांगायला लागले की लोकांना अचानक घरची कामं आठवतात. म्हणून लिहून काढते.

बहात्तरच्या दुष्काळात ती उदगीरकडच्या खेड्यातून नवऱ्यामागं लातुरात आली. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता गेला. मूलबाळ नव्हतं. आमच्या शेजारच्या खोलीत ती एकटी राहायची. तोंडानं फटकळ. माझ्या आईशी, कमलम्माशी, तिचं रोज एकदा भांडण व्हायचं आणि रोज एकदा चहा व्हायचा.

पुढं लातूर जिल्हा झाला आणि गावाला बाळसं आलं. बसलिंगप्पा मालकांनी मोठी इमारत उठवली. खाली दुकानं, वर लॉज, मागं गरम पाण्याचा बॉयलर. गुरम्मा तिथं झाडलोटीला लागली. बॉयलरच्या नळ्या गरम राहाव्यात म्हणून त्यांना पांढरी जाड दोरी गुंडाळायचे आणि वरून पांढऱ्या भुकटीचा गारा थापायचे. त्याला ॲस्बेस्टॉस म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. दरवर्षी जुना थर ठोकून काढायचा, नवा चढवायचा. ठोकायला गडी होते. उडालेली धूळ झाडायला आणि नवी भुकटी हातानं कालवायला गुरम्मा. नाकाला लावायला फडकंसुद्धा कुणी दिलं नाही. संध्याकाळी ती भुवयांसकट पांढरी होऊन घरी यायची.

मालक हसायचे. "गुरम्मा, तुला येगळी विभूती लावायची गरजच न्हाई. कायक म्हणत्यात ते हेच."

कायक म्हणजे कष्टालाच पूजा मानायची आम्हा लिंगायतांची शिकवण. शिकवण सोन्यासारखी आहे. मालकांनी ती दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती आणि स्वतःसाठी गादी.

ही दोरी जळत नाही, हे गुरम्माच्या लक्षात आलं. फेकून दिलेला तुकडा तिनं घरी आणला, बोटांनी उलगडला, मांडीवर वळून वात केली आणि देवापुढच्या दिव्यात घातली. तेल संपलं, दिवा विझला, वात जशीच्या तशी. पुन्हा तेल घातलं, पुन्हा तीच वात. जन्मभर कापसाच्या वाती वळलेल्या बायकांना तो चमत्कार वाटला नसता तरच नवल. बातमी मठात गेली. अखंड दिव्याला अखंड वात मिळाली म्हणून स्वामींनी भरल्या मठात तिच्या ओंजळीत नारळ ठेवला.

जिला गल्लीत कुणी हळदी-कुंकवाला बोलवत नव्हतं, तिच्या ओट्यावर आता श्रावणात बायका दाटीवाटीनं बसू लागल्या. मालकही दोरीचे उरलेले तुकडे खुशाल नेऊ द्यायचे. फुकटचं पुण्य कुणाला नको असतं? बायका दोरी पिंजायच्या, मठासाठी आणि घरच्या देवासाठी वाती वळायच्या, पदरानं तोंडावरची भुरभुर पुसायच्या. मध्ये गुरम्मा बसलेली असायची, हुकूम सोडत. तिला इतकं सुखात मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

अशी पुष्कळ वर्षं गेली आणि तिला खोकला लागला. जिना चढताना दम लागायचा, मग चालताना, मग बसल्या बसल्या. क्षयाची औषधं झाली, गुण आला नाही. शेवटी मी तिला सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि काम काय करता, असं विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारणारे ते पहिलेच. सगळं ऐकून ते म्हणाले, ती धूळ फुप्फुसात रुतली आहे, आता निघायची नाही. आणि वातींचं कळल्यावर म्हणाले, ती दोरी घरात कुणालाही हाताळू देऊ नका.

परत लातुरात उतरल्यावर ती म्हणाली, "माझं जाऊ दे गं. त्या बायांच्या छातीत मी घातलंय हे. समद्या वाती माघारी घ्यायच्या."

आधी ती मालकांकडं गेली. तुमचा शब्द लोक ऐकतात, मठात एकदा सांगा, एवढंच तिचं मागणं होतं.

"चोरून बिड्या वडत असशील," मालक म्हणाले. "मठात असलं काही बोललीस तर उद्यापासून कामाला येऊ नकोस."

"कामाला येतंय कोण? दम हाय का माझ्यात?"

मग ती दारोदार फिरली. चार पावलं चालायची, भिंतीला टेकायची, पुढचं दार वाजवायची. शिवम्मानं उंबऱ्यातूनच सुनावलं, "देवाला दिलेलं माघारी मागतीस? लाज न्हाई वाटत?" बाकीच्यांनी दारं लावून घेतली. माझ्या आईनं दार उघडलं, पण काय बोलली ते लिहितानाही माझं डोकं फिरतं. "नारळ घेताना लई गोड लागलं. आता तुझं संपलं म्हणून आमचा बी दिवा इझवतीस व्हय?"

पुढच्या सोमवारी पूजेच्या वेळी गुरम्मा मठात गेली. गर्दीतून वाट काढत दिव्यापुढं बसली, तापल्या तेलात बोटं घातली आणि वात उपसून काढली. दिवा गेला.

"ह्यात इख हाय," ती धापा टाकत म्हणाली. "मी आणलं व्हतं, मीच नेते."

पुढचं बोलायला तिच्याकडं श्वास नव्हता. दोघांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. कुणीतरी तिच्या पाठीवर थुंकलं. मी ते लुगडं धुतलं आहे, त्यामुळं मला कुणी खोटं पाडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बसलिंगप्पा मालकांनी गड्याच्या डोक्यावर नव्या कोऱ्या दोरीचं वेटोळं देऊन मठात पाठवलं. ज्याला हवी त्यानं न्यावी, मालकांकडून सेवा. मठाच्या दारापासून आमच्या गल्लीपर्यंत बायकांची रांग लागली. गुरम्मा भाजलेली बोटं मांडीवर ठेवून ओट्यावर बसली होती, एकेकीचं तोंड बघत.

रांगेत माझी आई होती. ओट्यासमोर आल्यावर तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला आणि पुढं सरकली.