जळकोटची डी: पंधरा मीटर पंचावन्न

१. नववीत असताना नांदेडच्या विभागीय सामन्यात मी मारलेला गोल पंचांनी नाकारला. फटका ‘डी’च्या बाहेरून होता. (डी म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ. चेंडू त्याच्या आतून मारला तरच गोल धरतात.)
२. आम्ही ०-१ हरलो. मी हॉकी सोडली.
३. गेल्या महिन्यात मन्मथ सरांचा फोन आला. ते जळकोटच्या आमच्या शाळेत खेळ शिकवायचे. संस्था मैदानाला जाळी लावून ते क्रिकेटसाठी भाड्याने देणार आहे. हॉकी खेळणाऱ्या अकरा जणी उतरवून दाखवा, मग थांबू, असं अध्यक्षांनी त्यांना सांगितलंय.
४. मी तीन दिवसांची रजा काढली.

पुण्याहून रेल्वेने सकाळी नांदेडला उतरले. स्टेशनबाहेर पोहे आणि चहा घेतला. शेजारच्या बाकावर दोघांची जुंपली होती.

“हॉकी आपला राष्ट्रीय खेळ हाय म्हणून सांगून राहिलो ना!”

“मंग शेवटची म्याच कवा बघितली, ते सांग की.”

पहिला माणूस चहा फुंकत बसला.

खरं तर हॉकी राष्ट्रीय खेळ आहे असं सरकारने कधी जाहीरच केलेलं नाही. हे मला नोकरी लागल्यावर कळलं. शाळेत मात्र या उत्तराला एक मार्क होता.

मग विभागीय सामना झाला होता त्याच मैदानावर गेले. मी रस्त्यांच्या मोजणीचं काम करते, त्यामुळे स्टीलचा टेप बॅगेत असतोच. गोलपोस्टपासून डीची रेघ मोजली: चौदा मीटर त्रेसष्ट. नियमातले सोळा यार्ड, अचूक. तेव्हा पंच म्हणाले होते, “हातभर बाहेर.” इतकी वर्षं तो हातभर मी माझ्या नावावर धरला होता.

दुसऱ्या दिवशी कंधार-जांबमार्गे एसटीने जळकोट. बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळचीच गाडी धरा, नंतरच्या गाड्यांत उभं राहावं लागतं. रस्त्याकडेला तुरी काढणीला आल्या होत्या. शेजारच्या मावशींनी चौकशी सुरू केली.

“कुणाची गं तू? जळकोटात काय काम हाय?”

“हॉकीचं आहे, मावशी.”

“ते काय असतंय?” मग एकदम वळून, “आगं, त्या काठ्या घेऊन पळायच्या पोरी! मन्मथ मास्तरच्या! लई दिवसात दिसल्या न्हाईत.”

सर स्टँडवर स्कूटर घेऊन उभे होते. केस पांढरे झालेत.

“आलीस? पळता येतंय का आता, का नुसतं कम्प्युटरवर बोटं पळवतीस?”

“बघू, सर.”

सरांच्या घरी काकूंनी सुशीला केला होता. भिजवलेले मुरमुरे, वर शेंगदाण्याचं कूट. दोनदा घेतला.

मैदानावर शेळ्या चरत होत्या. चुन्याची रेघ पावसात टिकत नाही म्हणून सरांनी डीच्या कडेने विटा पुरल्या होत्या. त्या अजून तशाच होत्या. याच विटांच्या आतून मी रोज संध्याकाळी पन्नास फटके मारायची. नेमक्या कडेवरून.

टेप लावला. पंधरा मीटर पंचावन्न.

पुन्हा लावला. पंधरा पंचावन्न.

“सर, माप कशानं घेतलं होतं?”

“आमच्या विहिरीच्या दोरीनं. सोळा यार्डावर गाठ मारून ठेवली व्हती. सुती दोरी, ओढून ओढून वाढली.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हाव. नांदेडहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मोजलं.”

“मला सांगितलं नाही.”

सरांनी पायानं एका विटेवरची माती सारली. “उद्या सांगू, उद्या सांगू म्हणलं. मंग तू यायचीच बंद झालीस. तुझ्या मागून आलेल्या पोरींना आतून चुन्याची रेघ मारून दिली. पर विटा हलवल्या न्हाईत. तुला दाखवल्याबिगर कशा हलवायच्या?”

मी टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि गोलपोस्टकडे बोट दाखवलं. अंधार पडेपर्यंत आम्ही एका बाजूच्या विटा उपटून आत, चौदा त्रेसष्टवर लावल्या. बाकीच्या दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी. माझ्या बोटांना फोड आले, सरांच्या नाही.

परतीच्या गाडीत वडिलांची आठवण आली. मुलीला तालुक्याबाहेर पाठवायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता. सर ओसरीवर बसून एवढंच म्हणाले होते, “राष्ट्रीय खेळ हाय, पाटील.” वडिलांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, “देशाचाच खेळ हाय म्हणल्यावर जाऊ द्या.” अशा तेरा घरांमधून आम्ही तेरा जणी नांदेडला गेलो. त्याआधी माझ्यासह नऊ जणींनी रेल्वे पाहिलेली नव्हती.

हा खेळ आज देशाची ओळख आहे का, ते मला सांगता येणार नाही. चहाच्या बाकावरच्या माणसालाही आलं नाही. पण ते एक वाक्य, कागदावर नसलेलं, आमच्या ओसरीवर चाललं होतं. आता ते कुठे चालत असेल असं वाटत नाही. मैदान मात्र अजून आहे, आणि आता त्याचं मापही बरोबर आहे.

पुण्यात येऊन चार दिवस झाले. सरांनी दिलेली जुन्या संघाची यादी टेबलावर आहे. पहिलं नाव माझं, मला न विचारता लिहिलेलं. मी ते खोडलेलं नाही. होकार सात आलेत, माझा धरून. अजून चार हवेत.

जळकोटच्या संघातल्या ज्या कुणी हे वाचत असतील, त्यांनी येणार की नाही ते खाली लिहावं. स्टिका सरांकडे आहेत, बूट आपापले आणावेत. नकार असला तरी कळवा, म्हणजे दुसरी शोधता येईल. या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत उत्तर हवं आहे.