शब्दावर टोल

गेल्या मार्चमध्ये वाघोलीहून पुणे स्टेशनला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एक तरुणी रोज इंग्रजी शब्द वाजवत असे. मी मागच्या सीटवर असायचो. गणपतीत ती पथकात ढोल वाजवायची. बसमध्ये मांडीवरची सॅक हाच तिचा ढोल. डावा तळहात हलकी थाप द्यायचा, उजवी मूठ जोरदार टोल. कॉल सेंटरच्या बोलण्याच्या चाचणीत ती एकदा नापास झाली होती. दुसरी संधी शेवटची होती.

"ऑ-थें-टि-के-शन," ती पुटपुटायची. बाकीच्यांना थाप, 'के'वर टोल. मग डोळे मिटून तेच पुन्हा. ऊन तिच्या हातांवरून सरकत जाई, बस खराडीच्या सिग्नलला थांबे आणि तो शब्द दूरच्या मिरवणुकीसारखा ऐकू येई.

"विसर्जनाला अवकाश आहे अजून," शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या.

"काकू, आपण सगळ्या अक्षरांना सारखंच वागवतो. इंग्रजीत एकालाच मान. तो दुसऱ्याला दिला की चाचणी घेणारे साहेब म्हणतात, पुन्हा बोला."

चाचणीच्या दिवशी ती येरवड्याला, कॉल सेंटरपाशी उतरली. बस वळेपर्यंत काकू मागे वळून बघत होत्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनीच विचारलं, "काय गं, झालं का?"

"झालं. सोमवारपासून दुपारची पाळी. आज कागदपत्रं द्यायचीत."

काकूंनी सॅक स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. "मग झोप जरा. येरवडा आला की उठवते."

ती येरवड्यापर्यंत झोपली.