एलेव्हेशनमधली तार

वणीत आमच्या ऑफिसच्या खिडकीपाशी माझा कॉम्प्युटर आहे. समोरून कोळशाचे ट्रक जातात, त्यामुळे स्क्रीन दिवसातून दोनदा पुसावी लागते. इंजिनिअर साहेब जागा मोजून आणतात आणि मी कॉम्प्युटरवर घरं काढते. रेघेला रेघ जुळली नाही तर मला जेवण जात नाही. या नीटनेटकेपणाचं लोक कौतुक करायचे आणि मलाही ते आवडायचं.

एलेव्हेशन म्हणजे घराचं समोरून दिसणारं चित्र. गिऱ्हाइकाला नकाशा कळत नाही, एलेव्हेशन कळतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूपुढे विचारलेलं असतं, ही नकाशात दिसू द्यायची का, एलेव्हेशनमध्ये दिसू द्यायची का. तिथली बरोबरची खूण काढली की वस्तू फाइलमध्ये राहते, फक्त चित्रात दिसत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी एका दुमजली घराचं एलेव्हेशन काढत होते. साहेबांनी मोजणीत समोरचा विजेचा खांब आणि तार बरोबर घेतली होती, मीही ती फाइलमध्ये घातली होती. पण खांब घराच्या पुढे, म्हणून चित्रात ती काळी रेघ थेट घराच्या तोंडावरून जायला लागली. मला ती खुपली. मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच खूण काढली. चित्र स्वच्छ झालं. मग मी निवांतपणे वरची गॅलरी काढली, तिला सुरेख कठडा दिला. साहेब नुसतं "वा" म्हणाले, त्यावर मी दिवसभर खूश होते. तार दाखवणारा नकाशा नगरपालिकेच्या फायलीत गेला आणि बांधकामावर रंगीत एलेव्हेशन गेलं.

त्या गॅलरीचं काम चालू असताना, ते घर बांधणाऱ्या मिस्त्रींचा धाकटा भाऊ गेला. तो सळई बांधायचा. खालून दिलेली लांब सळई त्याने वर ओढली, वळवली, आणि ती तारेला लागली.

पोलिसांनी पंचनामा केला. माझ्या चित्राकडे कोणी पाहिलंही नाही. सगळे एकच म्हणत होते, तार तर समोरच होती, त्याला दिसली नाही काय. मीही तेच म्हणाले. ते वाक्य मला अजून ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

आठवड्याने मी ती फाइल उघडली आणि खूण परत लावली. तार गॅलरीवरून आडवी जात होती. कठड्याच्या वीतभर वर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला. ती दिसत असती तर मी गॅलरी तिथे काढलीच नसती. गल्लीच्या अंगाला सरकवली असती, दहा मिनिटांचं काम होतं. मी फाइल बंद केली आणि कोणाला काही बोलले नाही.

तेव्हापासून मी एकाही एलेव्हेशनमधून तार काढलेली नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, साहेब चिडतात, मी ऐकत नाही. दिग्रसला बहिणीकडे जाताना एसटीच्या खिडकीतून मला घरं दिसत नाहीत, गॅलऱ्या आणि तारा दिसतात. आणि प्रत्येक गॅलरीत एक माणूस पाठमोरा उभा असतो. त्याला चेहरा नसतो, कारण मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. मला त्याची भीती वाटते. तो कधीतरी वळेल याची जास्त वाटते.

मिस्त्री मात्र आमच्याकडेच कामं करत राहिले. ऑफिसात यायचे, पाणी प्यायचे, कागद घेऊन जायचे. भावाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यांना काही माहीत नाही, असं मी धरून चालले होते. माझ्या सोयीचं होतं ते.

गेल्या महिन्यात ते स्वतःच्या घराचं काम घेऊन आले. मुकुटबनला जुन्या घरावर एक खोली आणि पुढे गॅलरी. मी गॅलरी तारेपासून चांगली लांब, एका कडेला घेतली आणि एलेव्हेशन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ताई, तार नका दाखवू याच्यात."

"काहून?"

"मायले दाखवाचं आहे. तार दिसली का थे त्या खोलीत पाय नाही ठेवत."

माझा हात माउसवर होता. समोर तीच खूण. बोट काही केल्या दाबलं जाईना. शेवटी मी म्हटलं, "दोन प्रिंट काढते. मायसाठी बिनतारेची. तुमच्यासाठी तारेची, कामावर हीच ठेवायची."

त्यांनी मान डोलावली. मी खूण काढली, एक प्रिंट घेतली. खूण लावली, दुसरी घेतली. त्यांनी दोन्हींच्या वेगवेगळ्या गुंडाळ्या केल्या आणि उठले. दारात चप्पल घालताना थांबले.

"तवाही दोन काढाले पायजे होत्या, ताई."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. पण त्या घरानंतर माझ्या प्रत्येक चित्रात तार आली होती, आणि त्यातली कितीतरी चित्रं त्यांनीच बांधली होती.

"हो," मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी दुसरी चप्पल घातली. मग तारेच्या प्रिंटची गुंडाळी उजव्या हातात घेऊन पायऱ्या उतरले.