बाजूला काढलेले दाणे

मेहकरच्या ज्या वखारीत मी भुईमुगाचे दाणे निवडायला जायचे, तिथला माल पुढे बोटीने विलायतेला जात असे. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही वीस-बावीस बायका मांडीवर सूप घेऊन बसायचो. टपोरा दाणा पोत्यात, काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा बाजूला. हे बाजूला काढलेले दाणे संध्याकाळी आम्ही ओटीत भरून घरी न्यायचो. तो आमचा हक्कच होता, मालकही कधी अडवत नसे. उन्हात घालून खमंग भाजले की खवटपणा जातो, हे प्रत्येकीला तिच्या आईने शिकवलेलं.

एका हंगामात मालकाने निवड एकदम कडक केली. जरा डाग दिसला की दाणा बाजूला. का, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. पूर्वी ओटीभर मिळायचं, आता टोपलीभर मिळू लागलं, आणि आम्ही अडाणी बायका खूश! माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. घरात दूध नव्हतं, तेव्हा दाण्याचं कूट तरी तिला पोटभर मिळतंय, म्हणून मी रोज गुळात कालवून लाडू वळत होते.

महिन्याभराने बुलढाण्याहून एक साहेब माल बघायला आले. त्यांनी बुरशीचा एक दाणा नखाने फोडून मालकाला दाखवला. यात विष असतं, भाजलं तरी ते पुरतं जात नाही, असल्या दाण्यांची पेंड खाऊन विलायतेत कोंबड्या मेल्या, आता एका पोत्यात जरी हे सापडलं तरी सगळा माल परत येईल, असं ते सांगत होते. मालक मान डोलवत होता. मी हातभर अंतरावर बसले होते.

"साहेब, हे दाने तं आमी घरी नेतो. लेकरं खातात," मी म्हणाले.

साहेबांनी मालकाकडे पाहिलं आणि पुन्हा हातातल्या कागदात डोकं घातलं. मालक हसला. "अवं बाई, तो कायदा तिकडच्या लोकायसाठी हाये. तुमाले कोन काय म्हन्ते? नेत जा खुशाल."

नेत जा खुशाल! आजही ते शब्द आठवले की तळपायाची आग मस्तकात जाते. नियम खोटा नव्हता. विष होतंच. पण तिकडच्या कोंबड्यांची काळजी करणारा तो नियम मेहकरपर्यंत आला आणि वखारीच्या दारातच थांबला. विष आमच्याच हातांनी वेचून घेतलं आणि आमच्याच ओटीत घातलं. त्या दोघांपैकी एकानेही उठून ती टोपली ओतून दिली नाही.

"काऊन बोलली वं तू?" शेजारची बाई माझ्यावरच उखडली. "आता मालकानं दाने बंद केले तं लेकरायले काय देऊ मी?"

त्या दिवशी मी रिकाम्या हाताने घरी गेले आणि फळीवरचा कुटाचा डबा उकिरड्यावर उपडा केला. सासू धावत आली. "येडी झाली का? अन्न फेकून राह्यली! आमी जनमभर खाल्लं, काय झालं आमाले?"

मुलगी दारात उभी होती, हातात सकाळचा अर्धा लाडू. मी मागितला तशी तिने मूठ घट्ट आवळली. मी तिची बोटं एकेक करून उघडली, लाडू काढून घेतला, आणि ती भोकाड पसरून रडायला लागली तेव्हा तिच्याच पाठीत धपाटा घातला. मालकाला दोन शब्द सुनावायचे होते, साहेबाला जाब विचारायचा होता, आणि मार खाल्ला तो माझ्या लेकीने.

"माय, भूक लागली," ती रडता रडता म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वखारीत जाऊन बसले आणि विलायतेच्या लेकरांसाठी एकेक दाणा निरखून निवडला.