घडाचं टोपडं कोणाचं?

धुरपदाबाईशी भांडायला छाती लागते. मी चाळीस वर्षं भांडतेय, म्हणून सांगते. आम्ही एका गल्लीत वाढलो. मी लग्न होऊन शहरात लोधीपुऱ्यात आले, ती तापीकाठच्या मळ्यात गेली. नवरा उखर्डू पाटील. माणूस गरीब, पण काम दिसलं की इतवाऱ्याच्या बाजाराकडे पळणार.

उन्हाळ्यात गरम वारं सुटलं की केळीचे घड काळे पडतात. धुरपदा त्यांना वाळल्या पानांचं टोपडं बांधते, तान्ह्या बाळाला बांधतात तसं, आणि उगवतीची बाजू उघडी ठेवते. सात उन्हाळे घड वाया घालवून तिनं हे शोधलं. माझा भाचा हर्षल केळीवर पीएचडी करतोय. त्याला तिच्याकडे मीच नेलं. माझंच डोकं फिरलेलं!

परवा तो छापायला जाणारा पेपर घेऊन मळ्यात आला आणि ऐटीत वाचून दाखवला. ‘माहितीचा स्रोत: श्री. उखर्डू पाटील, प्रगतिशील शेतकरी.’

बाजेवर उखर्डूभाऊ ताठ बसले.

“प्रगतिशील?” धुरपदा हातातल्या विळ्यासकट उठली. “विचार त्यांना, टोपड्याची गाठ कुठं मारतात!”

“मावशी, तुम्हीच बोलल्या ना! मी विचारलं, पद्धत कोणाची? तुम्ही बोलल्या, ‘घरधन्याची, त्यांनाच विचार.’”

“अरे मेल्या, परका माणूस दारात आला की बाई असंच बोलते! एवढा शिकला, तुला तेवढं कळलं नाही?”

“रेकॉर्डिंगमध्ये तेच आहे. बदलायचं तर परत बोला. कोणाचं नाव काढायचं, साफ सांगा.” त्यानं मोबाइल पुढं धरला.

इथं गाडी अडली. बाईनं लग्नापासून नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. उखाण्याच्या वेळीसुद्धा तोंडात लाडू कोंबून बसली होती.

“त्यांचं काट.”

“त्यांचं म्हणजे?”

“ते बाजेवर बसलंय त्याचं!”

“असं नाही चालत, मावशी. नाव पाहिजे.”

“घे गं बाई,” मी म्हटलं, “नाहीतर उद्या कॉलेजची पोरं टोपडं शिकायला यांच्याकडे येतील.”

“उखर्डू!” ती किंचाळली. “उखर्डूचं नाव काट! माझे घड जळत होते तेव्हा हा इतवाऱ्यात पत्ते पिसत होता!”

उखर्डूभाऊंचा चहा कपातच राहिला. “माझं नाव घेतलं?”

“काटण्यापुरतं.”

हर्षलनं निमूट मोबाइलवर बदललं आणि वाचलं, “धुरपदाबाई उखर्डू पाटील.”

“परत घुसवलं!”

“मावशी, पुरं नाव असंच लिहितात.”

“तुझ्या पेपरात ते मोठमोठे साहेब आहेत, त्यांच्या नावात त्यांच्या बायका घुसवल्या का?”

हर्षल माझ्याकडे बघायला लागला. मी केळीकडे बघितलं. शेवटी त्यानं मधलं नाव उडवलं.

उखर्डूभाऊ फणकारले, “मग पाटील तरी कोणाचं?”

“ते असू दे,” धुरपदा म्हणाली. “गावात पाटलांची साठ घरं आहेत. कोणाचं ते कोणी विचारायला येणार नाही.”