विहारातली मागची खुर्ची

गेल्या रविवारी आमच्या बोरगावच्या विहारात एक आक्रीत घडलं. मी वंदनेला चक्क खाली चटईवर बसले! यात काय एवढं, असं ज्यांना वाटतंय त्यांचे गुडघे अजून धड आहेत, इतकंच म्हणते...

विहारात मागे भिंतीला लागून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यातली एक गेलं वर्षभर माझी होती. माझं वय त्रेपन्न. आणि माझ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, पांढरी साडी नेसून पुढे चटईवर मांडी घालून!

बरं, मी काही हौसेने बसत नव्हते. खाली बसलं की उठताच येत नव्हतं. एकदा तर दोन बायकांनी काखेत हात घालून मला अक्षरशः उपसलं. तेव्हापासून खुर्ची धरली. मग एका रविवारी घरी येताना आई, म्हणजे सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरी सून खुर्चीवर बसते अन सासू खाली. असं हाय बापा आमचं."

लागलं मला ते. खूप लागलं. ऑफिस समुद्रपूरला, जाता-येता एसटीत बसणं, दिवसभर टेबलाशी बसणं... शरीर खुर्चीच्याच आकाराचं झालं होतं. ठरवलं, आता पुन्हा चटईवर बसायचंच आणि कुणाचा हात न धरता उठायचं.

जिमच्या लेडीज बॅचला नाव घातलं. तिथे एक मशीन होतं, पाठ टेकून बसायचं आणि पायांनी वजन ढकलायचं. महिन्याभरात माझं वजन दुप्पट झालं... म्हणजे ढकलायचं हो! ट्रेनर मॅडम म्हणाल्या, दुप्पट झालं खरं, पण इतक्यात स्नायू फारसे वाढले नाहीत, आधी मेंदू त्यांना नीट कामाला लावायला शिकतो, वाढ मागून येते. मी त्यातलं 'दुप्पट' तेवढं ऐकलं.

आणि महिना भरला त्या रविवारी मोठ्या तोऱ्यात चटईवर जाऊन बसले. वंदना संपली, सगळे उठले. मी अर्ध्यापर्यंत आले आणि तिथून परत खाली... धप्प! पुन्हा त्याच दोन बायका. घरी येऊन रडले मी, खोटं कशाला सांगू.

शेजारची सायली सावंगीच्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकते. तिने माझे गुडघे तपासले, तिच्या मॅडमनाही दाखवून आणले. मग म्हणाली, मशीनवर पाठीला आधार असतो, तोल सांभाळायचं काम नसतं. शरीराकडून जे करून घ्याल त्यातच ते तरबेज होतं. तुम्ही ढकलायला शिकलात, जमिनीवरून उठायला नाही.

"काकू, उठायचं राहू द्या," ती म्हणाली, "आधी बसायला शिका."

मी चिडलेच. त्रेपन्न वर्षं काय करत होते मग? तिने समोर खुर्ची ठेवली, बसा म्हणाली. मी बसले आणि कळलं... शेवटची वीतभर मी बसत नव्हते, पडत होते! ती म्हणाली, खाली जाताना स्नायू ताणला जात असतानाच वजन धरून ठेवतो, त्यातूनही ताकद येते, अगदी भरपूर. तेव्हा पाच आकड्यांत हळूहळू खाली.

पहिल्या दिवशी वाटलं, एवढंच? तिसऱ्या दिवशी मी एसटीतून खेकड्यासारखी आडवी चालत उतरले. मांड्या अशा ठणकत होत्या की कमोडवर बसताना आरोळी फुटायचीच बाकी होती. सायली म्हणे, नवं काम आहे म्हणून, पुढच्या खेपेला कमी दुखेल. आणि खरंच कमी दुखलं.

मग दर दोन-तीन आठवड्यांनी उंची कमी. खुर्ची, मग स्टूल, मग विटांवर पाट, मग नुसता पाट. जिमही सोडलं नाही, तिथे आता हातात डंबेल धरून उठबस चालू झाली.

आणि आकडे मोजायला कोण? आई. पलंगावर बसून डाळ निवडत मोजायच्या. एक... दोन... तीन... चार... आणि नेमका तिथेच त्यांना डाळीत खडा सापडायचा! तो निवडून, निरखून, बाजूला टाकून झाला की मग पाच. मी तशीच अधांतरी, पाय लटलट कापतायत.

तर गेल्या रविवारी... बसले. हळूच. मनात आईंच्याच आवाजात आकडे. वंदना संपली, एक पाय पुढे घेतला आणि उठले. हात न टेकता! कुणाचं लक्षही नव्हतं, सगळे चटया गुंडाळण्यात. मला मात्र विहारातच नाचावंसं वाटत होतं.

मागे वळून पाहिलं तर आई अजून खालीच. हात माझ्याकडे केलेला. मी त्यांना उठवलं, तशा त्या सरळ मागे गेल्या आणि माझ्या खुर्चीवर बसल्या. दोन वर्षांपासून गुडघे दुखून राह्यले म्हणाल्या... दोन वर्षं! मग बोलल्या का नाहीत?

"मी बी खुर्ची धरली असती तं तू जिमले गेली असती काय?"

मी तिथेच त्यांच्या पायाशी बसले. तेही हळूच बसले, सवयच लागलीय आता. हसू आणि रडू एकदमच आलं. माणसाला चांगला ट्रेनर मिळावा लागतो, आणि माझा तर वर्षभर घरातच होता.

सायलीने आईंचे गुडघेही तपासलेत, तिच्या मॅडमनी परवानगी दिलीय. सोमवारपासून सुरुवात केली, खुर्चीवर दोन उशा ठेवून, उंचावरून. आता पलंगावर डाळ घेऊन मी बसते.

एक... दोन... तीन... चार...

थांबा आई, खडा आहे.